सुट्टी आणि समुद्र

मुलांनो, परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन तुम्ही वर्गाबाहेर पडता, तेव्हा एकमेकांना काय विचारता? पेपर कसा गेला, हे शिक्षक विचारतात. तुम्ही मात्र विचारता, "सुट्टीत कुठे जाणार?" कुणी सांगतो, आजोळी परळीला. कुणी सांगतो, औरंगाबादला खालाकडे. (शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण तुमच्या तोंडी अजून जुनेच नाव येते.) कुणाचे आईवडील ऊसतोडीवरून नुकतेच परत आलेले असतात, म्हणून तो कुठेच जात नाही. त्याला घरीच बरे वाटते.

"समुद्रावर जाणार," असे उत्तर आपल्या बीड जिल्ह्यात मी फारसे ऐकलेले नाही. आपला जिल्हा समुद्रापासून दूर. आपल्याला पाणी माहीत आहे ते बिंदुसरेचे, माजलगावच्या धरणाचे, बीडच्या खजाना विहिरीचे आणि उन्हाळ्यात टँकरचे. म्हणूनच आज मी तुम्हांला समुद्रावरच्या सुट्टीविषयी सांगणार आहे.

अमेरिकेत कॉलेजांना साधारण मार्च महिन्यात आठवडाभराची सुट्टी मिळते. तेव्हा तिकडे वसंत ऋतू सुरू होत असतो. त्या सुट्टीत हजारो विद्यार्थी दक्षिणेकडे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जातात. त्यांतले काही मायामीहून मोठ्या जहाजात बसतात आणि बहामा बेटांकडे तीन-चार दिवसांची सफर करून येतात. अशा सफरीला क्रूझ म्हणतात. तिच्यात जहाज हे केवळ वाहन नसते. राहणे, जेवणे, खेळणे सगळे जहाजावरच. तिकडच्या बऱ्याच जहाज कंपन्या २१ वर्षांखालील मुलांना एकटे घेत नाहीत. बरोबर मोठे माणूस लागते. हे वाचून तुम्हांला हसू येईल. अमेरिकेतल्या कॉलेजकुमारालाही घरचे कुणीतरी बरोबर घ्यावे लागते!

पण सुट्टीतली बोट ही काही केवळ अमेरिकेची गोष्ट नाही. आपल्या महाराष्ट्रात ती कितीतरी वर्षे होती, आणि तिच्यात श्रीमंत माणसे थोडी व गरीब माणसे पुष्कळ असत. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, कचेरीत काम करणारी कोकणातील माणसे मे महिन्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह गावी जात. रस्ते वळणांचे होते, रेल्वे नव्हती. तेव्हा बोट हाच सोपा मार्ग होता. कोकणात तिला आगबोट म्हणत. आधी ती कोळशाच्या आगीवर, वाफेने चालत असे. पुढे तेलावर चालणारी इंजिने आली, तरी नाव आगबोटच राहिले.

ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटे. धक्का म्हणजे बोटीला टेकण्यासाठी बांधलेली पक्की जागा. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या गृहस्थांनी मुंबईत असा धक्का बांधला. त्यांना लोक भाऊ म्हणत. त्यापूर्वी कोकणातून येणाऱ्या माणसांना चिखलातून चालत किनाऱ्याला यावे लागे. आजचा धक्का नवा आहे, जागाही बदलली आहे. नाव मात्र भाऊंचेच आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते.

१९८४ साली माझे अब्बा बीडला कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. एप्रिलमध्ये परीक्षा संपली. तिघा मित्रांनी ठरवले, बोटीने गोव्याला जायचे. तिघांपैकी कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. दादीला हे मुळीच पसंत नव्हते. ती म्हणाली, "विहिरीत उतरायला घाबरतोस आणि दर्यात जातोस?" तरी तिने ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून दिला. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. (बीडहून अहिल्यानगरला प्रवासी गाडी सुरू व्हायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला.) तिघे रात्रभर एस.टी.ने प्रवास करून मुंबईला पोहोचले आणि विचारत विचारत भाऊच्या धक्क्यावर गेले.

त्या काळी या मार्गावर 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' अशा बोटी चालत. त्या मोगल लाइन या कंपनीच्या होत्या. मुलांनो, हे नाव तुमच्या घरातल्या वृद्ध माणसांना विचारून पाहा. कदाचित ते चमकतील. कारण याच कंपनीची जहाजे मुंबईहून हाजी लोकांना जेद्दाला नेत. 'अकबर', 'नूरजहाँ', 'मोहम्मदी' ही त्या जहाजांची नावे. तो प्रवास आठवडाभराचा असे. १९९५ नंतर हजचा समुद्रप्रवास बंद झाला आणि सर्व जण विमानाने जाऊ लागले. आपल्या भागातल्या खेड्यांत समुद्र पाहिलेली माणसे कोण, असे त्या काळी कुणी विचारले असते, तर गावातल्या हाजींकडेच बोट दाखवावे लागले असते.

तर अब्बांनी डेकचे तिकीट काढले. डेक म्हणजे जहाजाचा उघडा मजला. तिथे खोली नाही, पलंग नाही. सतरंजी पसरायची आणि आपली जागा धरायची. सकाळी दहाच्या सुमारास बोट सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी येणार होती. मुंबई ते गोवा हे समुद्रातले अंतर चारशे किलोमीटरहून अधिक आहे.

पहिले दोन तास तिघेही कठड्याला चिकटून उभे होते. खांदेरी-उंदेरीची बेटे गेली. दुपारी जंजिरा दिसला. शेजारच्या माणसाने सांगितले, "तो पाण्यातला किल्ला, तो जंजिरा." अब्बा म्हणाले, "जज़ीरा?" तो माणूस म्हणाला, "हो, तेच."

इथे थोडे थांबा. तुम्हांला मराठीचा तास अवघड वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण समुद्रावरची मराठी तुम्हांला अर्धी आधीच येते. जंजिरा हा तुमचा 'जज़ीरा' आहे, म्हणजे बेट. बंदर, किनारा, तुफान, जहाज हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. मराठीत जहाज चालवणाऱ्याला नाखवा म्हणतात. तो तुमचा 'नाख़ुदा'. खलाशी म्हणजे 'ख़लासी'. जहाजाची दिशा वळवणारे सुकाणू हे अरबी 'सुक्कान'वरून आले. दर्यावर्दी या शब्दात 'दर्या' आहेच. आणि नांगर! आपल्या शेतात नांगर जमीन नांगरतो. तो शब्द संस्कृतातून आला. पण बोटीला एका जागी धरून ठेवणारा लोखंडी आकडाही मराठीत नांगरच. तो आला फारसी 'लंगर'वरून. दोन वेगळे शब्द चालत चालत एकाच रूपाला आले. परीक्षेत कुणी 'नांगर टाकला' असे वाक्य दिले, तर शेतकऱ्याने नांगर फेकून दिला, असा अर्थ लिहू नका. माझ्या वर्गात एकाने लिहिला होता.

अरब व्यापारी शेकडो वर्षे या किनाऱ्यावर येत होते. त्यांच्या बोटींबरोबर त्यांचे शब्दही उतरले आणि इथेच राहिले.

पुन्हा अब्बांच्या बोटीवर चला. दुपारनंतर वारा वाढला. बोट डोलू लागली. अब्बांचे डोके गरगरले, पोटात ढवळले, आणि दादीच्या भाकरी समुद्राला मिळाल्या. याला मराठीत 'बोट लागणे' म्हणतात. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक नाजूक भाग असतो. तो मेंदूला कळवतो, "आपण हलतो आहोत." डोळ्यांना मात्र समोरची सतरंजी स्थिर दिसते. दोन साक्षीदार दोन साक्षी देतात आणि मेंदूचा गोंधळ होतो. एक वयस्कर खलाशी जवळ आले. ते रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान होते. त्यांची बोली वेगळी, अब्बांची दखनी वेगळी. पण दोघांना एकमेकांचे समजले. ते म्हणाले, "खाली बघू नको. बोटीच्या मधोमध बस, तिथे हेलकावा कमी. आणि दूर जिथे पाणी आभाळाला टेकते तिथे बघ." अब्बा तसे बसले. तासाभराने बरे वाटले. दूर पाहिल्यामुळे डोळ्यांनाही हेलकावा दिसतो, म्हणून दोन्ही साक्षी जुळतात. त्या खलाशांना हे कारण ठाऊक होते की नाही, कोण जाणे. उपाय मात्र त्यांना पक्का ठाऊक होता.

अब्बा सर्वांत जास्त सांगतात ते उतारूंचे. उतारू म्हणजे प्रवासी. वाटेतल्या अनेक बंदरांत मोठी बोट किनाऱ्यापर्यंत जाऊ शकत नसे, कारण तिथे पाणी उथळ. ती दूर उभी राही आणि किनाऱ्यावरून होड्या येत. त्यांना पडाव म्हणत. अंधारात पडाव बोटीला येऊन भिडे. तो लाटेबरोबर वर येई, खाली जाई. बायका, मुले, म्हातारी माणसे, ट्रंका, सगळे त्यात उतरायचे. खालून होडीवाला ओरडे, "थांबा, थांबा, आता!" लाटेने पडाव वर आला की त्याच क्षणी पाय टाकायचा. आधी नाही, नंतर नाही. एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. मागची गर्दी तिला ढकलू लागली. खलाशांनी हात आडवा धरला आणि सगळी रांग थांबवली. दोन लाटा जाऊ दिल्या. तिसऱ्या लाटेला ती बाई उतरली. "त्या माणसाने हात आडवा धरला नसता, तर?" असे अब्बा अजूनही विचारतात. ते गोवा पाहून आले, पण गोव्याविषयी फार बोलत नाहीत.

त्या बोटी आता नाहीत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि लोकांना बोटीची तितकी गरज उरली नाही. पुढे २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाचे जहाज मुंबई-गोवा मार्गावर पर्यटकांसाठी सुरू झाले. कान्होजी आंग्रे यांच्यावरून हे नाव ठेवले होते. ती सेवाही फार वर्षे टिकली नाही. सप्टेंबर २०२१ पासून 'एम्प्रेस' हे मोठे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करू लागले. हे जहाज १९९० साली बांधलेले आहे. त्याला ११ मजले आहेत. लांबी दोनशे मीटरहून अधिक. तुमच्या शाळेच्या मैदानावर ते मावणार नाही. त्यात पोहण्याचे तलाव आहेत, नाटकगृह आहे, लिफ्ट आहे. समुद्रावर तरंगणाऱ्या जहाजात पोहायला वेगळा तलाव कशाला, असा प्रश्न माझ्या वर्गात एका मुलीने विचारला. मला तो प्रश्न फार आवडला.

एवढे मोठे जहाजसुद्धा एका गोष्टीपुढे नमते. जून महिना आला की ते मुंबई सोडून पूर्व किनाऱ्यावर, चेन्नईकडे जाते. कारण पावसाळा! पावसाळ्याच्या वाऱ्याला इंग्रजीत मान्सून म्हणतात. हा शब्दही तुमचाच. अरबी 'मौसिम'वरून आला. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्र घुसळून काढतो. कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद असत. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच आजही पावसाळ्यात बंद असतात. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत मासे अंडी घालतात हे एक कारण, आणि खवळलेला समुद्र हे दुसरे. कोळी लोक नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात.

म्हणजे समुद्राचे स्वतःचे वेळापत्रक असते. आपली उन्हाळ्याची सुट्टी त्या वेळापत्रकाच्या शेवटच्या पानावर येते. एप्रिल चांगला, मेचा मध्य चालेल. मेच्या अखेरीस समुद्र तुमचे ऐकत नाही.

१७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' नावाची बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. प्रवास फार तर दीड तासाचा. बोटीत सातशेच्या आसपास माणसे होती. स्वातंत्र्य महिनाभरावर आले होते. पावसाळी समुद्रात लाटा बोटीवर आल्या, बोट कलली, आणि घाबरलेली माणसे एका बाजूला धावली, असे सांगितले जाते. बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ती मुंबईपासून फार दूरही गेली नव्हती.

एका बाजूला धावली, हे शब्द तुम्ही पुन्हा वाचा. माणूस घाबरला की जिकडे सगळे जातात तिकडे जातो. जमिनीवर त्याने फार तर चेंगराचेंगरी होते. पाण्यावर त्याने जमीनच उलटते.

हे मी तुम्हांला का सांगते, ते आता सांगते. जानेवारी २०२० मध्ये आमच्या शाळेची सहल एस.टी.ने कोकणात गेली. ४२ विद्यार्थी आणि आम्ही तीन शिक्षक. समुद्रातला एक किल्ला पाहायचा होता. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता, एका होडीवाल्याचा होता. आम्ही जेट्टीवर पोहोचलो तेव्हा दिवसाची शेवटची होडी उभी होती. किती माणसे बसवायची, तो आकडा तिच्या अंगावर रंगवलेला होता. आकड्याइतकी माणसे आत बसलेलीच होती. होडीवाला म्हणाला, "या, या, मुलेच तर आहेत. मुलांचे वजन ते काय!" लाइफ जॅकेट एका कोपऱ्यात दोरीने बांधून ठेवली होती. मी मोजली. ती पुरेशी नव्हती.

माझे सहकारी म्हणाले, "मॅडम, समोरच तर किल्ला आहे. दहा मिनिटांचे काम." ते चुकीचे बोलत नव्हते. किल्ला खरोखर समोर दिसत होता. समुद्र शांत होता. मुले तर होडीकडे धावलीच होती. मी दोन्ही हात पसरून जेट्टीच्या वाटेत उभी राहिले आणि म्हणाले, "कुणी चढणार नाही."

मुलांनो, तुमच्यासारखी ४२ मुले तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर मी विसरलेले नाही. त्यांत नववीतला एक मुलगा होता. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला सांगलीकडे जातात. सहलीचे पैसे त्याने सहा महिने थोडे थोडे करून भरले होते. तो रडला नाही, रागावलाही नाही. एवढेच म्हणाला, "मॅडम, मी परत इथे कधी येणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. होडी गेली. आम्ही जेट्टीच्या पायऱ्यांवर बसून तिच्याकडे पाहत राहिलो. अर्ध्या तासाने ती किल्ल्याला लागली. सगळी माणसे सुखरूप उतरली. काहीही झाले नाही. मुलांनी ते पाहिले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग आम्ही वडापाव खाल्ले आणि बसमध्ये बसलो. परतीच्या वाटेवर कुणी गाणी म्हटली नाहीत.

माझे चुकले का? बरीच वर्षे मी हा प्रश्न मनात बाळगला. मार्चमध्ये कोरोना आला, शाळा बंद पडली, आणि त्या मुलांची पुढची सहल कधी निघालीच नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' नावाच्या प्रवासी बोटीला नौदलाची एक वेगवान बोट धडकली. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. या अपघातात १५ माणसे मृत्युमुखी पडली. दिवस हिवाळ्याचा होता, पावसाळ्याचा नव्हता. बोटीत शंभरहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्या संध्याकाळी मला फोन आला. तोच मुलगा होता. तो आता बीडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. तो म्हणाला, "मॅडम, बातमी पाहिली?" मग बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

म्हणून माझा निर्णय बरोबर ठरला, असे मी म्हणणार नाही. ती बोट वेगळी, तो किनारा वेगळा, तो अपघातही वेगळ्या कारणाने झाला. आमची होडी त्या दिवशी गेली आणि परत आली, हेही तितकेच खरे आहे. पण जॅकेटविषयी मात्र माझ्या मनात शंका उरलेली नाही. जॅकेट माणसाला पोहायला शिकवत नाही. ते फक्त त्याचे तोंड पाण्याच्या वर ठेवते. आपल्यासारख्या, पोहणे न शिकलेल्या मुलखातल्या माणसांना त्याहून अधिक काय हवे? ते अंगात घालून पट्टे बांधलेले असले पाहिजे. बसण्याच्या जागेखाली ठेवलेले जॅकेट संकटात सापडत नाही. आणि बांधले नाही, तर पाण्यात उडी पडताच ते डोक्यावरून निघून जाते.

मोठ्या जहाजांवर याची शिस्त फार कडक असते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रचंड जहाज खडकाला घासून आडवे झाले. ३२ माणसे मेली. काही प्रवासी त्याच संध्याकाळी चढले होते आणि संकटात कुठे जमायचे, हे त्यांना अजून दाखवलेले नव्हते. त्यानंतर जगभरचा नियम बदलला. आता जहाज बंदर सोडण्यापूर्वी किंवा सोडताच सर्व प्रवाशांची कवायत होते. घंटा वाजते, प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या जागी जायचे, जॅकेट कसे बांधायचे ते पाहायचे. सुट्टीला आलेली कॉलेजची मुले या कवायतीला कंटाळतात. आम्ही मजा करायला आलो, शाळेत नाही, असे म्हणतात. तुम्ही सकाळच्या प्रार्थनेच्या रांगेला कंटाळता, तसेच.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले, ते ऐका. २०२५च्या एप्रिलमध्ये त्याची परीक्षा संपली. तो आणि त्याचे दोन मित्र माझ्या घरी आले. मोबाइलवर क्रूझची चित्रे दाखवू लागले. अकरा मजले, रंगीत दिवे, थिएटर. मग त्यांनी भाड्याचा आकडा दाखवला आणि आम्ही चौघेही हसलो. अब्बा पलंगावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "डेकचे तिकीट नाही का?" त्या जहाजात तसले तिकीट नसते, हे अब्बांना पटवणे अवघड गेले.

शेवटी अब्बांनीच वाट सुचवली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० पासून एक मोठी बोट जाते. तिच्या पोटात मोटारीसुद्धा चढतात. तिला रो-रो म्हणतात. सुमारे तासाभराचा प्रवास. तिकीट मुलांना परवडणारे. मी त्यांना काहीच सांगितले नाही. उलट तो मुलगाच मित्रांना सांगत होता, "मेमध्ये नको, आत्ताच जाऊ. आणि गर्दी असली तर पुढच्या फेरीला जायचे." अब्बांनी त्यांना बोटीच्या मधोमध बसायला सांगितले. भाकरी मात्र उतरल्यावरच खा, असे बजावले.

चार दिवसांनी माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. मागे निळसर पाणी, दूर मुंबईच्या इमारती, समोर तिघे जण. वाऱ्याने केस उडालेले. खाली त्याने मराठीत लिहिले होते, "मॅडम, नांगर उचलला." शब्द बरोबर लिहिला होता. मी फोटो अब्बांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "यांच्यापैकी बोट कुणाला लागली?"

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाऊचा धक्का हे नाव कुणावरून पडले?
(आ) पडाव म्हणजे काय?
(इ) 'रामदास' बोट कोठे निघाली होती?

२. पाठात आलेले, पण उर्दूतही असलेले समुद्राविषयीचे सहा शब्द शोधा. त्यांतील तीन शब्दांची मराठी वाक्ये करा.

३. 'नांगर' या शब्दाचे दोन अर्थ स्पष्ट करणारी दोन वाक्ये लिहा.

४. जेट्टीवर तुम्ही शिक्षकांच्या जागी असता, तर काय केले असते? सात-आठ ओळी लिहा. शिक्षकांचे चुकले असे वाटत असेल, तर तसे कारणांसह लिहा.

५. तुमच्या घरातील किंवा गावातील ज्या व्यक्तीने समुद्र पाहिला आहे, तिला भेटा. तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा तिला काय वाटले, ते विचारून लिहून आणा.